सशाच्या अंगावरची खपली आधी काचेवर पाहावी

माझ्या घरी दोन ससे आहेत. एक लाल डोळ्यांची, पांढरीशुभ्र, न्यूझीलंड व्हाइट जातीची सशीण सरकी आणि दुसरा सोव्हिएत चिंचिला म्हणून विकत दिलेला राखी बोंड्या. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या बाईला याहून वेगळी नावे सुचली नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शाळेत शिकवते, तिथे ढोरांचा दवाखाना आहे. मात्र त्याच्या ओसरीवर म्हशी, गोऱ्हे आणि बकऱ्याच दिसतात. टोपलीत ससा घेऊन मी पहिल्यांदा गेले, तेव्हा रांगेतल्या लोकांनी हसून मला पुढे जाऊ दिले. त्यानंतरच्या तीन वर्षांत सशांच्या कातडीच्या दुखण्यांनी मला बरेच काही शिकवले. त्यातला काही भाग मी माझ्याच चुकीतून शिकले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात सरकीच्या नाकापासून झाली. थंडीचे दिवस होते. एका सकाळी ती कणकेच्या परातीत तोंड घालून आल्यासारखी दिसली. नाकपुड्यांच्या कडेला आणि वरच्या ओठावर पांढुरका, भुरभुरीत थर होता, तो मी ओल्या कापडाने पुसू पाहिला, पण निघाला नाही. आठ दिवसांत त्या थराची पिवळट-करडी, जाड खपली झाली, कानांच्या कडा खरखरीत झाल्या आणि पुढच्या पायांच्या नखांभोवतीही तसेच कवच चढू लागले. ती पुढच्या पंजांनी सारखे तोंड घासत होती, म्हणजे नाकावरचे दुखणे पंजांवर आणि पंजांवरचे पुन्हा कानांवर जात होते. रात्री पिंजऱ्यातून खरडण्याचा आवाज थांबत नसे.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारचे काका म्हणाले, "बाई, जळकं आइल लावून पाहा न जी, आमच्या बैलाची खरूज दोन दिवसांत गेली होती." दुसऱ्या कोणी कापूर घातलेले खोबरेल सुचवले, तर कृषी केंद्रात बसलेल्या एकाने गोठ्यात फवारायचे गोचिडांचे औषध पाण्यात कालवून ससा त्यात बुडवून काढावा असे सांगितले. यातला कोणताही सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पण बैल आणि ससा यांच्यात वजनाइतकाच सवयीचाही फरक आहे. ससा दिवसभर स्वतःला चाटत असतो, त्यामुळे त्याच्या अंगाला जे लावाल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात जाते, आणि एकदा पोटात गेलेले त्याला ओकून टाकता येत नाही. इंजिनातून काढलेले तेल त्याच्या पोटात गेले तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बुडवून काढणे तर आणखी घातक, कारण सशाचा दाट केस भिजला की लवकर वाळत नाही, तो गारठतो, आणि धरून पाण्यात घातल्याच्या धसक्यानेही काही ससे दगावतात.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरकीला टॉवेलात गुंडाळायला सांगितले. मागचे पाय धरून ठेवणे महत्त्वाचे असते, कारण घाबरलेला ससा इतक्या जोराने लाथ झाडतो की त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मग त्यांनी बोथट पात्यावर पॅराफिनचा थेंब घेतला, कानाच्या कडेची, खपली आणि चांगली कातडी जिथे भेटतात ती जागा निवडली, आणि रक्ताचा अगदी बारीक ओलावा दिसेपर्यंत खरवडले. निघालेला भुसा काचेवर घेतला आणि तालुक्याच्या सर्वचिकित्सालयात नेऊन तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मी हट्टाने सोबत गेले होते. भिंगातून पाहिले तेव्हा एक गोल, कासवासारखा प्राणी आखूड पाय हलवत होता. त्याचे मागचे पाय अंगाबाहेर जेमतेम दिसत होते. शेजारीच दोन लांबट अंडी होती. हा सारकोप्टिस, म्हणजे खरजेचा किडा. तो कातडीत बोगदे करून राहतो आणि त्यातच अंडी घालतो, म्हणून वरून काही फासून तो हाती लागत नाही. माझ्या मनगटावर त्याच आठवड्यात लाल पुळ्या आल्या होत्या, त्याही याच किड्याच्या होत्या. सशाकडून आलेला किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही, ससा बरा झाला की ती खाजही जाते. माझी गेली.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. किडा दिसला तर प्रश्न मिटला, पण दिसला नाही म्हणून खरूज नाही असे ठरत नाही. खरवडण्याची जागा चुकली की काच कोरी निघते. अशा वेळी खाज, खपलीची जागा आणि सोबतच्या सशाची अवस्था पाहून उपचाराचा निर्णय घ्यावा लागतो.

औषध म्हणून आयव्हरमेक्टिनचे कातडीखाली इंजेक्शन दिले गेले. बाटली गुरांसाठी बनवलेली असते आणि तिच्या एका मिलीलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते, जे 50 किलो वजनाच्या जनावराला पुरते. सशाला दर किलो वजनामागे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम एवढेच लागते, म्हणजे 2 किलोच्या सरकीला जास्तीत जास्त 0.08 मिलीलिटर. हा थेंब मोजायला इन्शुलिनची सिरिंज वापरतात, आणि इथेच मोठी चूक होऊ शकते. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात दोन प्रकारच्या इन्शुलिन सिरिंजा मिळतात. एकीवर मिलीलिटरचे 100 भाग असतात, दुसरीवर 40. पहिलीवर 0.08 मिलीलिटर म्हणजे 8 रेघा होतात, पण त्याच 8 रेघा दुसरीवर भरल्या तर औषध अडीचपट जाते. हे मी घरी सुई टोचता यावी म्हणून लिहीत नाही. दवाखान्यात ज्याच्या हाती सिरिंज असेल त्याला रोज म्हशींना सुया द्यायच्या असतात, तेव्हा सशाचे वजन आपणच किराणा दुकानातल्या काट्यावर नीट करून, चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि रेघा डोळ्यांनी पाहाव्यात.

हे औषध अंड्यांना मारत नाही. पहिल्या सुईनंतर खाज थांबते, खपल्या आठ-दहा दिवसांत आपोआप गळतात, आणि माणूस निर्धास्त होतो. मागे राहिलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांसाठी 10 ते 14 दिवसांच्या अंतराने दुसरी आणि बहुतेक वेळा तिसरी सुई द्यावीच लागते. ती दोन्ही सशांना एकाच दिवशी द्यायची, बोंड्याच्या अंगावर काही दिसत नसले तरीही. खपली ओढून काढण्याचा मोह मला फार झाला होता, परंतु खालची कातडी कच्ची असते आणि सशाची कातडी मुळातच कागदासारखी पातळ असते. सरकीचे नाक तिसऱ्या आठवड्यात गुलाबी झाले.

या यशाने मला शहाणपण चढले, आणि त्याचा भुर्दंड बोंड्याने भरला. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी त्याच्या डाव्या डोळ्यावर, कानाच्या मुळाशी, केस गेलेला एक डाग दिसला. मी पाहताक्षणी ठरवले की खरूज परतली. सुट्ट्यांमुळे दवाखान्यापर्यंत जाण्याचा कंटाळा केला आणि गावोगाव फिरून जनावरांना सुया देणाऱ्या एका गृहस्थाकडून तीच सुई देवविली. काच नाही, खरवडणे नाही, केवळ माझा शब्द. दहा दिवसांनी दुसरी सुई झाली. डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता तो लिंबाएवढा झाला, आणि पुढच्या पंजावर दुसरा उमटला.

नीट पाहिले असते तर फरक डोळ्यांसमोर होता. बोंड्या खाजवत नव्हता. डागाची कड गोल होती, खपली जाड नसून कोंड्यासारखी सुकी होती, आणि डागात केस मुळापासून गेलेले नव्हते, कात्रीने बोथट कापावेत तसे तुटलेले होते. मला हे सारे दिसले ते माझ्या मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल कडेचे गोल चकदळ उठले तेव्हा. ती बोंड्याला त्याच हातावर घेऊन बसत असे. तो नायटा होता, ज्याला आपल्याकडे गजकर्णही म्हणतात, आणि तो बुरशीचा रोग आहे. सशांमध्ये बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफायटिस ही बुरशी तो करते, आणि किड्याच्या औषधाचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

इथेही एक अपघात थोडक्यात टळला. मेडिकलच्या दुकानातून मुलीसाठी जी ट्यूब आणली, तिच्यात बुरशीचे औषध, दोन प्रतिजैविके आणि एक जबर स्टेरॉइड असे सगळे एकत्र होते. लावल्याबरोबर लाली उतरते म्हणून ही मिश्रणे खेड्यापाड्यांत भरपूर खपतात, पण स्टेरॉइडमुळे कातडीची लढण्याची ताकदच कमी होते आणि नायटा आत पसरत राहतो. तीच ट्यूब मी बोंड्याच्या कानालाही लावणार होते. सशाचे शरीर स्टेरॉइडला फार लवकर बळी पडते आणि तो ते चाटूनही घेतो. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, ट्यूब कचऱ्यात गेली, आणि मी खाली मान घालून बोंड्याला घेऊन पुन्हा आमच्या डॉक्टरांसमोर उभी राहिले. ते रागावले नाहीत. "काच कुठे आहे, बाई?" एवढेच म्हणाले.

त्यांनी आधी अंधार करून निळसर-जांभळ्या प्रकाशाचा दिवा डागावर धरला. काही चमकले नाही. मला वाटले सुटलो, पण त्यांनी समजावले की त्या दिव्याखाली मायक्रोस्पोरम जातीची बुरशी काही वेळा हिरवट चमकते, ट्रायकोफायटॉन मात्र चमकत नाही, त्यामुळे अंधार राहिला याचा अर्थ काहीच होत नाही. मग डागाच्या कडेचे तुटके केस चिमट्याने उपटले. काही केस काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात ठेवून पाहिले आणि उरलेले कागदाच्या पुडीत बांधून बुरशी वाढवून पाहण्यासाठी पाठवले. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नको त्या बुरशा उगवतात, म्हणून कागदच हवा. ज्या माध्यमावर हे केस ठेवतात ते पिवळसर असते आणि नायट्याची बुरशी उगवली की लाल होते. त्याला एक ते दोन आठवडे लागतात. ज्यांना ही सोय जवळ मिळत नाही, त्यांनी नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करावी. आमच्या भागातून एसटीने एका दिवसात जाऊन येणे होते.

नायट्याचा उपचार खरजेसारखा तीन सुयांत उरकत नाही. डागाभोवतीचे केस कापून जाळले, मलम लावल्यावर तो चाटणार नाही यासाठी तेवढा वेळ मांडीवर घेऊन पालक खाऊ घातला, आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीचे औषध तोंडावाटे सहा आठवडे चालले. ग्रिसोफल्विन हे बुरशीवरचे दुसरे औषध गाभण सशिणीला देत नाहीत, कारण पोटातल्या पिलांना व्यंग येऊ शकते. सरकी तेव्हा वेगळी ठेवलेली होती, तरी डॉक्टरांनी तिच्याबद्दल विचारून घेतले. बुरशीचे बीज केसांत आणि लाकडाच्या भेगांत कित्येक महिने जिवंत राहते, म्हणून झोपायची लाकडी पेटी मी अंगणात जाळली आणि लोखंडी पिंजरा एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा द्रावणाने धुऊन उन्हात ठेवला. विदर्भातल्या जूनच्या उन्हाचा असा उपयोग क्वचितच होतो.

मग प्रश्न उरला की बुरशी आली कुठून. त्याचे उत्तर मला आमच्या उन्हाळ्यातच सापडले. पारा 45 अंशांवर जातो तेव्हा सशाचे हाल होतात. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून मी पिंजऱ्यात भिजवलेले गोणपाट अंथरत होते आणि वाळ्याच्या कूलरसमोर दोघांना ठेवत होते. गारवा मिळत होता, पण दोन महिने ते ओल्या, कोंदट जागेवर बसून होते, आणि बुरशीला याहून चांगले घर नाही. आता ओले गोणपाट पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूने टांगते, आत पाण्याची बाटली गोठवून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवते, आणि खालची जमीन कोरडी ठेवते. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देत नाही.

बाकीची दुखणी थोडक्यात सांगते. कानाच्या आत तपकिरी पापुद्रे एकावर एक बसले असतील, ससा डोके झटकत असेल आणि एक कान लोंबत असेल, तर तो सोरॉप्टिस नावाचा कानातला किडा. औषध आयव्हरमेक्टिनच, पण पापुद्रे काडीने खरवडायचे नाहीत, त्याने ससा वेदनेने किंचाळतो. मानेवर आणि पाठीवर भरपूर कोंडा दिसत असेल, तर काळ्या कागदावर केस विंचरून दोन मिनिटे भिंगातून पाहावे. कोंड्याचे कण चालू लागले तर तोही किडाच, आणि पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काचेवर लावली की डॉक्टरांचे काम सोपे होते. ऋतू बदलताना झडणारे केस हा रोग नव्हे, तिथे खालची कातडी स्वच्छ असते आणि नवे केस आलेले दिसतात. सशीण छातीचे केस उपटून तोंडात गवत गोळा करत असेल, तर ती घरटे करते आहे, खरोखर गाभण असो वा नसो. हनुवटी सतत ओली राहून तिथले केस गेले असतील तर दात पाहावेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि चारा कमी, दाणा जास्त झाला की ते वेडेवाकडे वाढून लाळ गळते. अंगावर टणक गाठ असेल तर ती फोडू नये, कारण सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो चिरा देऊन वाहत नाही, गाठ तिच्या पिशवीसकट काढावी लागते.

पावसाळ्यातल्या एका दुखण्यावर मात्र थांबायला हवे. गेल्या श्रावणात माझ्या वर्गातला एक मुलगा शाळा सुटल्यावर टोपली घेऊन आला. "बाई, हा कालपासून कोपऱ्यातच बसून आहे," म्हणाला. ससा गुबगुबीत होता आणि वरून धडधाकट दिसत होता. शेपटी उचलली तर खालचे केस लेंड्यांनी लडबडलेले, आणि त्या चिकट थराखाली अळ्या वळवळत होत्या. लठ्ठ सशाला स्वतःच्या मागच्या अंगापर्यंत तोंड नेता येत नाही, घाण साचते, तिच्यावर माशी अंडी घालते, आणि एका दिवसाच्या आत अळ्या निघून जिवंत कातडी खाऊ लागतात. मुलाच्या घरच्यांनी गुरांच्या जखमेत ओततात ते टर्पेंटाइन काढून ठेवले होते. ते सशाच्या उघड्या कातडीला भाजून काढते, म्हणून तसेच बंद ठेवायला सांगितले. कोमट मिठाच्या पाण्याने जागा ओली करून जेवढ्या दिसल्या तेवढ्या अळ्या चिमट्याने काढल्या आणि तशीच टोपली घेऊन दवाखाना गाठला. वेदनाशामक, सलाइन आणि आयव्हरमेक्टिन मिळाले, ससा जगला. रात्र गेली असती तर जगला नसता असे डॉक्टर म्हणाले. पावसाळ्यात रोज शेपटीखाली पाहणे आता त्या मुलाचे काम आहे, आणि तो ते शाळेत येऊन मला सांगतो.

दोन औषधांची नावे प्रत्येक ससा पाळणाऱ्याने पाठ करावीत. कुत्र्याच्या मानेवर गोचीड-पिसवांसाठी जे थेंब टाकतात, त्यांत बहुधा फिप्रोनिल असते. सशाला ते चालत नाही. तो खाणे सोडतो, झटके येतात आणि मरतो. दुसरे, माणसांच्या डबीतले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक. जखम पिकू नये म्हणून ते पाण्यातून पाजले जाते, आणि त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून विषारी जुलाब लागतात. कातडीचे दुखणे क्वचितच जीव घेते, हे घरगुती उपचार घेतात. कोणतेही औषध चालू असताना सशाने बारा तास खाणे टाकले, तर खरूज, नायटा बाजूला ठेवून आधी त्यासाठी डॉक्टरांकडे धावावे.

सध्या माझे लक्ष सरकीच्या मागच्या पायांवर आहे. सशाच्या पावलाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, तिथे फक्त दाट केस असतात. जाळीच्या तळावर, मुतात भिजलेल्या जागेवर किंवा वजन वाढल्यावर ते केस घासले जातात, कातडी लाल होते, मग फुटते, आणि दुर्लक्ष झाले तर पू हाडापर्यंत पोहोचतो. मी पिंजऱ्याच्या जाळीवर फळी टाकली, तिच्यावर कोरडे गोणपाट आणि वाळलेल्या गवताचा चार बोटे थर दिला, दाणा अर्ध्यावर आणला आणि वाढलेली नखे कापली, कारण लांब नखांमुळे सगळा भार टाचेवर जातो. दर रविवारी सकाळी ओसरीवर बसून तिला मांडीवर घेते, पाऊल वळवून पाहते आणि डाग वहीत मोजून लिहिते. गेल्या रविवारी डाव्या टाचेवरचा डाग 11 मिलीमीटर होता. काल 9 भरला, आणि त्याच्या वरच्या कडेला लव फुटलेली दिसली.